नवी बोट, पहिलं ट्रोलिंग: सॅमनचं तंत्र गोव्याच्या पाण्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पर्वरीला राहता. 40 हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डसकट 19 फुटी फायबरची वापरलेली बोट घेतली आहे. मावसभाऊ कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमनचं ट्रोलिंग करतो, तो तुमच्यासाठी दोन डाउनरिगर, म्हणजे वजन आणि तारेने गळ खोल नेणारी यंत्रं, पाठवायला तयार आहे. तर तेच तंत्र इथे रावसावर चालेल का, आणि नवशिक्याने सुरुवात कुठून करावी?

डाउनरिगर मागवू नका. सॅमनच्या तंत्रातलं निम्मं इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं, पण ते निम्मं अवजारांचं नाही, बोट चालवण्याचं आहे. मी गेली 22 वर्षं मांडवी-जुवारीच्या मुखाशी आणि बाहेर रॉडने मासे धरतोय. एवढ्या वर्षांत जे नवे लोक टिकले ते सगळे आधी बोट शिकले आणि मग मासा. ज्यांनी उलटं केलं त्यांच्या बोटी आज अंगणात ताडपत्रीखाली आहेत. तुमची तशी होऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. ट्रॉलर जे करतो ते ट्रॉलिंग, म्हणजे तळाशी जाळं ओढणं. आपण करतो ते ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे गळाला लावलेला खोटा किंवा खरा मासा ओढत नेणं. धक्क्यावर कोणी विचारलं तर सरळ ‘रॉडने, गळ ओढून’ असं सांगा. ‘ट्रोलिंग’ म्हटलं की समोरच्याला ट्रॉलर आठवतो, आणि पारंपरिक मच्छीमाराच्या मनात ट्रॉलरबद्दल काय आहे ते गोव्यात कुणाला सांगायला नको.

आता रावस. इंग्रजीत त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात म्हणून हा प्रश्न पडतो. पण रावसाचं आणि सॅमनचं काही नातं नाही. रावसाच्या छातीच्या पराखाली दोऱ्यासारखे चार तंतू असतात. गढूळ पाण्यात त्यांनी चाचपडत तो कोळंबी आणि लहान मासे शोधतो. किनाऱ्यालगतच्या वाळूवर, लाटा फुटतात तिथे आणि नदीच्या मुखाशी तो फिरतो. त्याला बोटीमागे ल्युअर, म्हणजे गळ लावलेला खोटा मासा, ओढून धरण्यापेक्षा किनाऱ्यावर उभं राहून फेकून धरणं जास्त फळतं. ट्रोलिंग करताना रावस लागला तर आनंद माना, पण त्याच्यासाठी निघू नका.

आपल्याकडे ट्रोलिंगचा खरा मासा इसवण, म्हणजे मुंबई-पुण्याकडची सुरमई. त्याच्या जोडीला कोकर, बॅराकुडा, आणि नदीत चोणक. तुम्हाला सॅमनची ओढ आहे म्हणून चोणकाबद्दल सांगतो. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो. पॅसिफिकमधल्या बहुतेक जाती त्यानंतर मरतात. चोणकाचा प्रवास बरोबर उलटा. मोठा चोणक अंडी घालायला नदीच्या खाऱ्या मुखाकडे उतरतो आणि पिल्लं आत, खाजणात (नदीकाठच्या खाऱ्या जमिनीत) आणि मानशीच्या, म्हणजे बांधाच्या दाराजवळच्या, पाण्यात वाढतात. शिवाय चोणक आधी नर असतो आणि वाढत वाढत मादी होतो. रावसाचंही तसंच. म्हणजे हातात आलेला सगळ्यात मोठा चोणक जवळजवळ नक्की मादी. मी असा मासा बोटीला लागल्या लागल्या सोडतो, तुम्हीही सोडावा अशी विनंती आहे. खायला मधल्या आकाराचा जास्त चवदार लागतो, हे घरात कोणालाही विचारा.

डाउनरिगर का नको? कॅनडाच्या बाजूला किनारा सोडला की पाणी झपाट्याने खोल जातं, आणि चिनूक सॅमन पुष्कळदा 30 मीटर किंवा त्याहून खाली असतो. तिथे चार-पाच किलोचा शिशाचा गोळा तारेने खाली सोडून त्याला दोरी अडकवल्याशिवाय ल्युअर माशापर्यंत पोचतच नाही. आपला समुद्र उथळ आहे. आग्वादवरून पश्चिमेला कितीतरी वेळ गेलात तरी खोली दाखवणारं यंत्र 10-15 मीटरच्या आसपास घुटमळतं. इथे ओठ असलेला साधा डायव्हिंग ल्युअर पुरतो. राप्पाला कंपनीच्या एक्स-रॅप मॅग्नम मालिकेत 20 आणि 30 असे आकडे असतात, ते फुटांचे: साधारण तेवढ्या खोल तो ल्युअर जातो. म्हणजे 6 ते 9 मीटर, आपल्या पाण्याचा मधला थर. त्यात गोळा आणि तार बाळगलीत तर ती आधी कुठल्यातरी खडकात किंवा जाळ्यात अडकेल, आणि एकट्या नवशिक्याला बोट सांभाळून ती सोडवता येणार नाही.

आता सॅमनवाल्यांकडून जे शिकायचं ते. ते लोक वेगाच्या बाबतीत फार काटेकोर असतात. चिनूकला दोन-अडीच नॉट (ताशी सागरी मैल), कोहो जातीच्या सॅमनला जरा जास्त, आणि अर्ध्या नॉटचा फरकही ते मोजतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जमिनीवरून मोजलेला वेग आणि पाण्यातला वेग वेगळा असतो हे त्यांना पक्कं माहीत असतं. तुमच्या फोनवरचा जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो. ल्युअरला जमीन ठाऊक नाही, त्याला फक्त पाणी लागतं.

समजा जुवारीच्या मुखाशी सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी दीड नॉटने बाहेर चाललंय. तुम्ही बाहेरच्या दिशेने चाललात आणि जीपीएस 5 दाखवतो, तर ल्युअरच्या अंगावर पाणी साडेतीननेच जातंय. इसवणीसाठी हे सुस्त झालं. आता वळून आत या आणि तोच 5 चा आकडा ठेवा: ल्युअर साडेसहाने ओढला जातोय, कडेवर पडून पाण्याबाहेर उसळ्या मारायला लागेल. नवा माणूस म्हणतो, ‘बाहेर जाताना काहीच लागलं नाही, आत येतानाही काहीच लागलं नाही, मासाच नाही.’ मासा होता. दोन्ही वेळेला त्याच्यासमोरून चुकीच्या वेगाची वस्तू गेली.

म्हणून आकड्यावर विसंबू नका, रॉडच्या टोकाकडे पाहा. मला तुम्हाला एकच गोष्ट शिकवायची असती तर ही शिकवली असती. पहिल्याच दिवशी ल्युअर पाण्यात टाका आणि बोटीच्या अगदी कडेला, दोन हातांवर ठेवून चालवून पाहा. 3 नॉटला तो अंग हलवत आळसात पोहतो. 5 ला त्याची थरथर बारीक आणि जलद होते. साताच्या पुढे पोट वर करून गोल फिरायला लागतो. आता त्याला 30 मीटर मागे सोडा आणि तीच थरथर रॉडच्या टोकात शोधा. नीट चाललेल्या ल्युअरने टोक एकसारखं, शिवणयंत्राच्या सुईसारखं हलत असतं. ही हालचाल डोळ्यांत बसली की पुढचं सगळं तीच सांगते. टोक हलायचं थांबलं पण वाकलेलं राहिलं, तर ल्युअरला प्लॅस्टिकची पिशवी किंवा शेवाळ लागलंय. थरथर आहे पण अडखळती, तर गळाच्या एका टोकाला पान अडकलंय. ऑक्टोबरात नद्यांनी वाहून आणलेला कचरा अजून मुखाशी तरंगत असतो, त्या दिवसांत हे दर दहा मिनिटांनी होतं. अशा वेळी कंटाळा न करता दोरी गुंडाळून ल्युअर साफ करायचा. पान लागलेला ल्युअर तासभर ओढला तर तो तास फुकट.

दुसरी गोष्ट वळणाची. सरळ रेषेत तासन्‌तास चालू नका. मोठ्या नागमोडी वळणांनी चाला. बोट डावीकडे वळली की डाव्या, म्हणजे आतल्या बाजूच्या ल्युअरचा वेग कमी होतो आणि उजव्याचा वाढतो. मासा वळणावर आतल्या रॉडला लागला तर त्याला हळू हवंय, बाहेरच्याला लागला तर जलद हवंय. लगेच पूर्ण बोटीचा वेग तसा बदला. सॅमनवाले हेच करतात, आणि आग्वादच्या टोकाशी इसवणीसाठीही हे तितकंच खरं ठरतं. फक्त वळण मोठं ठेवा. छोट्या वळणात दोन्ही दोऱ्या एकमेकींत गुंततात आणि सकाळचा उत्तम तास गाठी सोडवण्यात जातो.

सुरुवातीचे वेग: इसवण, कोकर, बॅराकुडा यांना 4 ते 6 नॉट, आणि 5 पासून सुरू करा. नदीत चोणकाला 2 ते 3, पुलांच्या खांबांजवळून आणि खडकाळ काठाला धरून, सुकती संपता संपता आणि भरती लागताना.

सामानावर फार लिहीत नाही, कारण दुकानात गेलात की तेच जास्त बोललं जातं. रॉड दोनच, चार नाही. विणलेली (इंग्रजीत ‘ब्रेडेड’) दोरी 40 पौंडांची आणि दर 10 मीटरला रंग बदलणारी घ्या, म्हणजे किती दोरी बाहेर आहे ते रंग मोजून कळतं. एक ल्युअर 20 मीटरवर, दुसरा 35 वर. इसवणीचे दात पात्यासारखे असतात, म्हणून दोरी आणि ल्युअरच्या मध्ये हातभर तारेचा तुकडा, म्हणजे लीडर, लावाच. तार लावली तर मासा बिचकतो असं सांगणारे भेटतील, पण पहिल्या वर्षी तुमचे ल्युअर वाचणं जास्त महत्त्वाचं. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, बोटाने अंदाज करून ठेवू नका. मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा दोरीला बांधा, ओढा, आणि 3 ते 4 किलोला दोरी सुटायला लागेल असा पेच लावा. रॉड होल्डर बोटीला बोल्टने बसवलेला हवा, स्क्रूने नाही. मागच्या बाजूला स्क्रूने बसवलेला एक होल्डर, त्यातला रॉड आणि रील मी एकाच फटक्यात समुद्राला दिलंय.

इंजिन. तुमचं जुनं टू-स्ट्रोक आहे हे वाचून मी हा भाग मुद्दाम घालतोय. ट्रोलिंगचा वेग म्हणजे त्या इंजिनाच्या दृष्टीने रेंगाळणं. तासभर रेंगाळलं की प्लगवर काळा तेलकट थर बसतो, आणि नेमकं घरी निघताना ते दगा देतं. दर अर्ध्या तासाला दोऱ्या आत घेऊन दोन-तीन मिनिटं इंजिन मोकळं पळवा, आणि त्या निमित्ताने जागाही बदला. प्लगचा नवा जोड, पाना आणि कोरडं फडकं डब्यात ठेवा आणि प्लग बदलायचा सराव धक्क्यावर करून घ्या, बाहेर डोलत्या बोटीत पहिल्यांदा नको. इंजिनामागून पाण्याची बारीक धार सतत पडतेय ना, इकडे मधूनमधून मान वळवून बघत जा. ती बंद झाली तर लगेच इंजिन बंद करा. बहुतेक वेळा प्लॅस्टिक शोषलं गेलेलं असतं. किल-स्विचची, म्हणजे तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला बांधलेली हवी, एकटे असाल तर अजिबात सवलत नाही. पेट्रोलचे तीन भाग समजा: एक जायला, एक यायला, तिसऱ्याला हात लावायचा नाही.

आता मुखाची गोष्ट. सगळ्यात जास्त काळजी मला इथेच वाटते.

मांडवीच्या मुखाशी आग्वाद आणि काबोच्या मध्ये वाळूचा दांडा आहे. बेतूलला साळ नदीच्या मुखाशी आहे, शापोऱ्यालाही आहे. जुवारीचं तसं नाही. मुरगाव बंदरामुळे तिथला मार्ग खोल ठेवलेला असतो. म्हणून पर्वरीहून मांडवी कितीही जवळ असली तरी माझं ऐका, पहिल्या काही फेऱ्या जुवारीतून करा, दोनापावलाच्या आतल्या शांत पाण्यात आणि मुखाच्या आसपास. मोठ्या जहाजांना आणि बार्जना मार्ग मोकळा ठेवा. भरलेली बार्ज तुमच्यासाठी थांबू शकत नाही. नौदलाच्या हद्दीजवळ रेंगाळू नका. ग्रँड आयलंडच्या भोवती मासे असतात हे खरं, पण तिथे बुड्या मारणारे पर्यटकही असतात, आणि पाण्याखालच्या माणसाजवळून तीन-तीन टोकांचे गळ ओढणं हा विचारसुद्धा मनात आणू नका.

मांडवीचा दांडा ओलांडायचा दिवस तिथीवरून ठरवा. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावास्या, पंधरा: सव्वाअकरा. अष्टमी: सहा. हा ढोबळ अंदाज आहे, नेमकी वेळ मुरगावच्या भरतीच्या कोष्टकातून घ्या. पण या हिशोबातून काय निघतं ते बघा. उधाणाच्या दिवशी सव्वाअकराला भरती पूर्ण होते, आणि दुपारभर पाणी जोराने बाहेर पडत राहतं. त्याच वेळी वायव्येकडून खारा वारा चढलेला असतो, समोरून आत येणारा. बाहेर पडणारं पाणी आणि आत येणारा वारा एकमेकांना भिडले की दांड्यावरच्या लाटा उभ्या होतात, तोंडाशी फुटतात, आणि त्यांच्यातलं अंतर कमी होतं. सकाळी हाच दांडा तळ्यासारखा असतो. माणूस सकाळच्या पाण्यावरून दुपारचा अंदाज बांधतो आणि फसतो.

मी फसलोय. चौदा वर्षांपूर्वीची पौर्णिमा, दुपारचे साडेतीन, बरोबर मेहुणा. कोकर लागत होते म्हणून थांबलो. परत येताना मागच्या लाटेने बोटीची पिछाडी उचलली, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पुढच्या लाटेत घुसली आणि गुडघाभर पाणी आत आलं. मेहुणा बर्फाच्या डब्याच्या झाकणाने पाणी उपसत होता आणि मला इंजिनाच्या हँडलवरचा हात काढता येत नव्हता. इंजिन चालू राहिलं म्हणून आज हे लिहितोय. त्या संध्याकाळी धक्क्यावर एका म्हाताऱ्या तांडेलने भरतीचा हा हिशोब जमिनीवर खडूने लिहून दाखवला. तो मला आधीपासून माहीत होता, पण त्याचा वाऱ्याशी संबंध मी कधी जोडला नव्हता.

म्हणून नवशिक्याने अष्टमीच्या आसपास निघावं. भांगाचं पाणी, ओढ कमी. पहाटे भरती असते, दांड्यावर पाणी भरपूर. सकाळी सुकती बाहेर आणि मतलई वारासुद्धा बाहेर, दोघं एकाच दिशेने, समुद्र सपाट. बाराच्या सुमाराला पाणी उतरतं, पण भांगाची सुकती फार खोल उतरत नाही. भरती पुन्हा लागली की, साडेबारापर्यंत, वारा वाढायच्या आधी आत या. तेव्हा पाणी आणि वारा दोघंही तुम्हाला घरी ढकलतात. उधाणाला मासा जास्त चालतो असं सांगतील, आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. तो मासा पुढच्या वर्षी धरा.

दांड्यावरून आत येताना दोऱ्या आत, रॉड आडवे, सगळे खाली बसलेले, लाइफजॅकेट अंगात. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही. लाटा मोजा, मोठ्या लाटांचा झुबका जाऊ द्या, मग एका लाटेच्या पाठीवर बसा आणि तिच्याच वेगाने चला. तिचा माथा ओलांडून पुढे उडी मारायची नाही, मागच्या लाटेला गाठू द्यायचं नाही, आणि मध्येच घाबरून वळायचं तर अजिबात नाही. फोन वॉटरप्रूफ पिशवीत गळ्यात ठेवा. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर त्यात आधीच साठवून ठेवा, आणि व्हीएचएफ रेडिओ सेट असेल तर चॅनेल 16 लावलेलं हवं. परत यायची वेळ घरी सांगून निघा आणि ती पाळा.

मासा शोधायचा कुठे? ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुखाबाहेर एक रेघ दिसते, एका बाजूला नदीचं तपकिरी पाणी आणि दुसऱ्या बाजूला समुद्राचं हिरवं. रेघेवर फेस, पानं, काटक्या जमलेल्या असतात. तारली आणि बांगड्यांची पिल्लं त्या कडेला धरून राहतात, आणि इसवण हिरव्या बाजूने येऊन त्यांना मारते. रेघेच्या आत नाही, रेघेवर नाही, हिरव्या बाजूला बोटीच्या दोन-तीन लांबी सोडून समांतर चाला. कुरव पक्षी पाण्यावर पडताना दिसले तर थव्यात घुसू नका, कडेकडेने वळसा घाला. थव्यातून गेलात तर तारली खाली बसते आणि तिच्याबरोबर सगळं थांबतं. डॉल्फिन दिसले की दोऱ्या आत घ्या आणि लांब व्हा. नोव्हेंबरपासून मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्या भागात डोळे पाण्यावर ठेवा. कासव श्वास घ्यायला वर आलं की फक्त डोकं दिसतं, आणि तेही नारळाएवढं.

जाळ्यांबद्दल मी कळकळीने सांगतो. किनाऱ्यापासून 5 किलोमीटरपर्यंत ट्रॉलरला मनाई आहे, म्हणून छोट्या होड्यांची जाळी याच पट्ट्यात असतात, आणि तुम्हीही इथेच फिरणार. थर्माकोलचा तुकडा, रिकामा कॅन, काठीला बांधलेलं फडकं: ही जाळ्याची खूण. एक दिसली की दुसरं टोक शोधा आणि मगच वाट ठरवा, मधून कापून जाऊ नका. चुकून ल्युअर जाळ्यात अडकलाच तर स्वतःची दोरी कापा, जाळ्याचा एक फासाही कापू नका. आपला ल्युअर हजार-दीड हजाराचा. त्याचं जाळं म्हणजे त्याची महिन्याची कमाई आणि चार रात्रींचं विणकाम-दुरुस्ती. तुम्ही हौसेला आलाय, तो पोटासाठी. मालीमच्या धक्क्यावर आज मला जे काही कळतं, पाणी कुठे साफ आहे, बांगडा कुठल्या खोलीवर आहे, ते सगळं मी वीस वर्षं कुणाच्या जाळ्यावरून गेलो नाही म्हणून कळतं.

मासा लागला की नवा माणूस इंजिन बंद करतो. करू नका. वेग अर्ध्यावर आणा, बोट चालू ठेवा, म्हणजे दोरी सैल पडत नाही. दुसऱ्या माणसाने आधी दुसरी दोरी आत घ्यायची, मग लागलेला रॉड उचलायचा. रिव्हर्स कधीही नाही, दोरी पंख्यात जाते. इसवणीची पहिली धाव लांब असते, ती जाऊ द्या, पेच घट्ट करू नका. ती बोटीजवळ आली, चांदीसारखी कड दिसली की सगळ्यांचा जीव सुटतो, आणि नेमकी तेव्हा ती दुसऱ्यांदा पळते. पुष्कळ मासे या दुसऱ्या धावेत जातात, कारण तोवर कुणीतरी उत्साहात ड्रॅग आवळलेला असतो. बोटीत घ्यायला दांड्याचा लोखंडी आकडा वापरा. हातजाळीत ल्युअरचे गळ अडकतात. आत आल्यावर मासा शांत होईपर्यंत ओल्या गोणपाटाखाली दाबून धरा, मगच लांब पकडीने गळ काढा, हाताने नाही. तडफडत्या इसवणीच्या तोंडातला तीन टोकांचा गळ अंगठ्यात गेला की एका टोकाला तुम्ही आणि दुसऱ्या टोकाला चार किलोचा जिवंत मासा अशी अवस्था होते. हातभरसुद्धा नसलेली इसवण सोडून द्या.

ठेवायचा मासा लगेच कल्ल्यापाशी कापून रक्त काढा आणि बर्फात समुद्राचं पाणी घालून केलेल्या लगद्यात बुडवा. बर्फ माशाच्या वजनाइतका तरी हवा. इसवण, बांगडा, कुपा या कुळातला मासा उन्हात तास-दीड तास पडला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं, हे त्यानेच होतं.

कागदांचं: बोट तुमच्या नावावर झालीय का ते मच्छीमारी खात्यात किंवा बंदर कप्तानांच्या कार्यालयात, जिथे नोंद असेल तिथे, स्वतः जाऊन बघा. नोंदणीची प्रत आणि सगळ्यांची ओळखपत्रं बोटीत ठेवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, 61 दिवस. त्यानंतरही नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणजे समुद्र तुमच्या 19 फुटांसाठी तयार झाला असं नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तुमचा काळ.

पहिल्या फेरीसाठी कार्तिकातली अष्टमी धरा. एकच सोबती, दोन रॉड, जुवारीतून बाहेर, बारा वाजता परत. एक वही न्या आणि त्यात तिथी, निघायची वेळ, पाण्याचा रंग, इंजिनाचा आवाज कुठल्या पट्टीत होता आणि तेव्हा टोकाची थरथर कशी होती, एवढं लिहा. घरी आल्यावर इंजिनाला दहा मिनिटं गोडं पाणी फिरवा, रील ओल्या फडक्याने पुसा, ल्युअर गोड्या पाण्याच्या बादलीत टाका. आणि ड्रॅगचा पेच सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या चिकटतात.